एमपर्यंतची विशेषणं

हिम्मतरावांच्या घरात इंग्रजी भाषेनं जो धुडगूस घातला, त्याचा दोष इंग्रजांना देण्यात अर्थ नाही. ते बिचारे नऊ वर्षांपूर्वीच बोटीत बसून गेले होते. दोष होता एका अर्ध्या पानाच्या परिपत्रकाचा. छप्पन सालच्या उन्हाळ्यात ते दफ्तरात आलं, टेबलाटेबलावरून फिरलं आणि चार वाजताच्या चहाची सगळी चव घालवून बसलं.

परिपत्रकातला मजकूर सरळ होता. हैदराबाद राज्याचे तीन वाटे होणार. तेलुगू मुलूख आंध्राला, कानडी म्हैसूरला आणि मराठी मुंबईला. तेव्हा मराठवाड्याकडच्या नोकरांनी मुंबई राज्यात, बहुतेक औरंगाबादेस, रुजू व्हायची तयारी ठेवावी. ज्यांना हैदराबादेतच राहायचं असेल त्यांनी सोबतच्या अर्जात कारण लिहावं. स्वतःच्या हस्ताक्षरात आणि इंग्रजीत.

हिम्मतराव 'इंग्रजीत' या शब्दावर जे थबकले ते थबकलेच. मूळचे परभणीकडचे. वडील शेती करायचे, पण मुलगा सरकारी खुर्चीत बसावा म्हणून त्यांनी त्याला उर्दू मदरशात घातला. मुलगा खुर्चीत बसला, दहा वर्षं रुळला आणि मग सरकारनं उर्दू उचलून इंग्रजी आणली. आता अशा सरकारला काय म्हणावं! सुदैवानं हिम्मतराव जुन्या मिसलींच्या, म्हणजे फायलींच्या, कोठारात होते. तिथं उर्दूतली धूळ इंग्रजीत झटकायचं काम अजून कुणाला सुचलं नव्हतं. त्यामुळे आठ वर्षं निभावली.

घरी येऊन त्यांनी परिपत्रक वाचून दाखवलं, म्हणजे मराठीत सांगितलं. पद्मावतीबाई सुपात धणे पाखडत होत्या. त्यांनी हात न थांबवता विचारलं, "मग जाणार?"

"सरकार म्हणतंय."

"सरकार तुम्हाला म्हणतंय. मी नक्को."

हा 'नक्को' बाईंनी बेगम बाजारातून आणलेला होता, आणि तिथली दुसरी कुठलीही चीज घ्यावी तसाच पारखून घेतलेला होता. बाईंचा जन्म त्या बाजाराच्या मागच्या गल्लीतला. गल्लीतल्या अकरा घरांची मिरची, हळद, चिंच त्या वर्षाची एकदम भरायच्या, आणि त्यासाठी मराठीत सुरुवात करून दखनीत भांडून तेलुगूत तोडगा काढायच्या. "औरंगाबादेत मला कोण ओळखतंय?" त्या म्हणाल्या. "मिरची घ्यायला गेले तर पहिल्यापासून भांडायला लागेल. या वयात नाही जमायचं. तुम्ही जा, खुशाल राहा, दिवाळीला या."

उगाच लपवण्यात अर्थ नाही, हिम्मतरावांना एकट्यानं राहायची भीती वाटत होती. एकोणीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाच चहा केला होता, आणि त्यात साखरेऐवजी काय पडलं होतं ते गल्लीतल्या सगळ्यांच्या लक्षात होतं. औरंगाबादेत खोली, खानावळीतली आमटी, संध्याकाळी बोलायला कोणी नाही. त्यांना इथंच राहायचं होतं. पण 'बायको येत नाही' असं सरकारी कागदावर कोणता शहाणा लिहील? पुढची सगळी नोकरी खाली मान घालून करावी लागली असती.

तेव्हा कारण भारदस्त हवं, आणि भारदस्तपणाचं गुपित हिम्मतरावांना ठाऊक होतं. ते गुपित म्हणजे अल्काब. उर्दू दफ्तरात कोणत्याही कागदाच्या माथ्यावर साहेबाच्या हुद्द्याप्रमाणे मानाची विशेषणं लावावी लागत. तहसीलदाराला इतकी, तालुकदाराला तितकी. एक कमी पडलं तर कागद बेअदबीच्या शेऱ्यासह परत, एक जास्त झालं तर वरचा साहेब रुसायचा. या मोजमापात हिम्मतरावांचा हात धरणारा दफ्तरात दुसरा नव्हता. नुसत्या अल्काबाच्या जोरावर त्यांनी कैक अर्ज मंजूर करून आणले होते, खाली मजकूर काय आहे हे कोणी पाहिलंही नव्हतं.

आता इंग्रजी पत्रं तर नुसती 'सर' म्हणून सुरू होतात. त्यावर हिम्मतरावांचं मत असं, की हा कारकुनांचा अडाणीपणा आहे. एवढं मोठं साम्राज्य नुसत्या 'सर'वर चाललं असेल हे शक्यच नाही. इंग्रजीतही अल्काब असणारच, ते शोधले पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी ते कोठी भागातल्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी उकिडवे बसले. तासाभरानं सापडलं. इंग्रजीतली निव्वळ वर्णनाची विशेषणं, एबीसीच्या क्रमानं, प्रत्येकाचा उर्दूत अर्थ. पुढचा पुठ्ठा नव्हता, मागचा पुठ्ठा नव्हता, आणि मागच्या पुठ्ठ्याबरोबर निम्मं पुस्तकही गेलं होतं. एम संपता संपता पुस्तक संपत होतं.

"मियाँ, हे तर अर्धंच आहे," हिम्मतराव म्हणाले.

"आधा है तो क्या हुआ साब," दुकानदार म्हणाला, "जो है सो तो पूरा है."

या युक्तिवादापुढे हिम्मतराव हरले आणि पुस्तक घेऊन घरी आले. त्यामुळे झालं काय, की त्यांना ॲडमिरेबल होता येत होतं, डिलिजंट, फेथफुल, ऑनेस्ट आणि इंडस्ट्रियस होता येत होतं, पण पंक्च्युअल किंवा सिन्सिअर होण्याची सोय राहिली नव्हती. वास्तविक अठरा वर्षांत ते एकदाही उशिरा गेले नव्हते. असो.

रोज सकाळी दहा विशेषणं पाठ करायची असा त्यांनी नेम केला. न्हाणीघरातून तांब्याच्या आवाजाबरोबर "बेनेव्होलंट, बेनेव्होलंट" असं ऐकू यायला लागलं. शेजारच्यांना वाटलं नवं स्तोत्र आहे. पाठ झालेला शब्द वापरल्याशिवाय मुरत नाही, म्हणून ते घरातही वापरायला लागले. वरण लॅमेंटेबल झालं, वांगी मॅग्निफिसंट निघाली, दूधवाला इनएक्झॅक्ट ठरला.

"लॅमेंटेबल म्हणजे काय हो?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

"शोक करण्याजोगं."

बाईंनी ताट उचललं. त्या दिवशी हिम्मतराव अर्धपोटी दफ्तरात गेले, आणि त्यानंतर स्वयंपाकाला फक्त चांगली विशेषणं लावायची असं त्यांनी वहीत लाल शाईनं लिहून ठेवलं.

गल्लीत बातमी पसरली. सल्ला द्यायला आधी आले केशवराव. हे निवृत्त पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद ठेवणारे, आणि अल्काबाच्या बाबतीत हिम्मतरावांचे गुरूच. त्यांना इंग्रजीतलं अक्षर ओळखता येत नव्हतं, पण त्यानं त्यांच्या अधिकाराला काही बाधा येत नव्हती.

"अर्ज कुणापुढे जाणार?" त्यांनी विचारलं.

"समितीपुढे."

"समिती म्हणजे एकापेक्षा जास्त साहेब. एका साहेबाला सात धरा. समितीत पाच तरी असतील. पस्तीस झाली. आणि अर्जदाराला पाच, नाहीतर कोण कुठला फाटका माणूस आलाय असं वाटेल. चाळीसच्या खाली जाऊ नका, हिम्मतराव. राज्य मोडतंय म्हणून काय अदब मोडायची?"

हिम्मतरावांचा ऊर भरून आला.

दुसरे शेजारी अप्पाराव. हे आबिड्सला पोस्टाच्या व्हरांड्यात टाइपरायटर घेऊन बसायचे आणि जगाचे अर्ज टाइप करायचे. गल्लीत खरं इंग्रजी येणारे तेवढेच, म्हणून त्यांचा सल्ला सगळ्यात शेवटी विचारला गेला. त्यांनी मसुदा दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला.

"हिम्मतरावगारू, सब शब्द बराबर हैं," ते म्हणाले. "मगर इसमें बात किधर है? तुमकू हैदराबाद में कायकू रहना, वो तो लिखेच नै."

"ते ओघानं येईलच."

"कायकू रहना, वो मेरेकू तो बोलो."

हिम्मतरावांनी इकडेतिकडे बघत, आवाज खाली करून सांगितलं. अप्पाराव म्हणाले, "तो यहीच लिखो ना! चार शब्दां का काम है." त्यानंतर चार दिवस हिम्मतराव त्यांच्याशी बोलले नाहीत.

अर्जात कारणासाठी दोन बोटं जागा होती. हिम्मतरावांनी तिथं 'पुरवणी पाहावी' एवढं लिहिलं आणि पुरवणी जोडली, चार पानांची. तिची सुरुवात अशी होती, की मी, हा फेथफुल, इंडस्ट्रियस, इनकरप्टिबल, मेटिक्युलस आणि ह्यूमेन हिम्मतराव, आपल्या ॲडमिरेबल, बेनेव्होलंट, एक्झेम्प्लरी, ग्रेशस, इलस्ट्रियस, ज्युडिशस आणि मॅग्नॅनिमस समितीच्या चरणी सादर होतो. सादर व्हायलाच दुसरं पान लागलं. तिसऱ्यावर हैदराबाद शहराचं वर्णन होतं. चौथ्यावर, अगदी तळाशी, इथंच राहू द्यावं अशी विनंती होती आणि तीही हंबल होती.

अर्ज घेऊन ते सुपरिंटेंडेंट हणमंतरावांकडे गेले. त्यांनी पानं हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "मार्जिन उजवीकडे का सोडलंत?"

हिम्मतराव गोंधळले. अठरा वर्षं उर्दू लिहिलेल्या हातानं चांगलं चार बोटांचं मार्जिन उजवीकडे सोडून दिलं होतं, आणि इंग्रजी डाव्या काठाला चिकटून निघाली होती. तेवढ्यात दफ्तराच्या चपराश्यानं सवयीप्रमाणे चारही पानं यंत्रात घातली आणि डावीकडे कचकन भोकं पाडली. आठ भोकं, आठ विशेषणं गेली. 'ऑनेस्ट' तर मधोमध गेलं.

"आता काय?" हिम्मतराव रडकुंडीला आले.

"नियम आहे," हणमंतराव म्हणाले. "भोकात गेलेला प्रत्येक शब्द उजवीकडे लिहा आणि राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून आणा."

राजपत्रित अधिकारी तीन दिवस दौऱ्यावर होते. चौथ्या दिवशी भेटले. त्यांनी सात सह्या केल्या आणि 'ऑनेस्ट'पाशी पेन थांबवलं. "याची खात्री मी कशी देऊ? मी तुम्हाला आजच बघतोय." हिम्मतरावांना हा अपमान फार लागला. अठरा वर्षांत सरकारी टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती. शेवटी अधिकाऱ्यांनी 'हा शब्द फक्त शब्द म्हणून साक्षांकित' असा शेरा मारून सही केली, आणि अर्ज गेला.

यादी लागली ऑगस्टमध्ये. हिम्मतरावांच्या शेजारच्या टेबलावरच्या भगवंतरावांनी त्या दोन बोटांच्या जागेत 'मदर ओल्ड' असे दोनच शब्द खरडले होते. आईचं नेमकं वय आठवावं लागू नये म्हणून नुसतं 'ओल्ड'. ते हैदराबादेत राहिले. तातेरावांनी 'हाऊस हिअर' लिहिलं होतं. तेही राहिले. हिम्मतरावांच्या नावापुढे औरंगाबाद होतं, आणि पुढे शेरा होता. या नोकराचं इंग्रजी असाधारण असून नव्या राज्यात इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस मिळत नाही, तरी त्यास तातडीनं इंग्रजी शाखेत पाठवावं.

गल्लीत आनंदीआनंद झाला. कुणाला कशाचा आनंद व्हावा याला काही धरबंद नाही. केशवरावांनी हार आणला, हिम्मतरावांच्या गळ्यात घातला आणि भाषण केलं. "मी सांगितलं होतं, चाळीसच्या खाली जाऊ नका. आज इंग्रजी शाखा आमच्या गल्लीतून माणूस मागते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिम्मतराव हार घालून उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलं. असाधारण असं त्यांना आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पण आवडता आवडताच त्यांचं लक्ष दारातून आत गेलं. पद्मावतीबाई ट्रंक भरत होत्या. एक ताट, एक वाटी, एक तांब्या, एका माणसाचं अंथरूण.

"हे काय?"

"तुमची तयारी. लोणचं वेगळं देते. चहा शिकून घ्या, या इकडे."

चहाचा धडा तीन दिवस चालला. पहिल्या दिवशी ऊतू गेला, दुसऱ्या दिवशी पातेलं करपलं, तिसऱ्या दिवशी जमला. तो पिऊन बाई पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. हिम्मतरावांना वाटलं, चहाच इतका वाईट झाला असेल. मग हळूच लक्षात आलं की नाही, तसं नाही.

फेरविचाराच्या अर्जाची सोय होती आणि साहेबांसमोर तोंडी सुनावणी होती. केशवराव म्हणाले, या वेळी ऐंशी. अप्पाराव म्हणाले, "इस बार बुरी अंग्रेजी लिखो. बुरी लिखना आता ना?" हिम्मतरावांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, पण पाठ झालेलं हातातून जाईना. लिहायला बसले की मॅग्नॅनिमस आपोआप उमटायचं.

सुनावणीचे साहेब जुन्या शहरातलेच होते, पण खुर्चीत असताना इंग्रजीच बोलायचे. त्यांनी चार प्रश्न भराभर विचारले. हिम्मतरावांना त्यातलं 'औरंगाबाद' एवढं कळलं.

"ॲडमिरेबल, सर," ते म्हणाले.

साहेबांनी आणखी काही विचारलं.

"एक्सलंट. हॉस्पिटेबल. हिस्टॉरिक."

"देन व्हाय डोन्ट यू गो?"

हिम्मतरावांच्या डोळ्यांसमोर सगळी वही आली. "आय... फेथफुल," ते म्हणाले. "हंबल. होमली." आणि तिथं एम संपायच्या आतच त्यांचा साठा संपला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पुरवणीची पानं उलटली, भोकांतून एकदा पलीकडे बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "अजी हिम्मतराव, ये सब छोडो. सीदी बात बोलो. कायकू नै जाना?"

ते दखनी ऐकलं आणि हिम्मतरावांचा बांध फुटला. "साब, घरवाली नै आती," ते म्हणाले. "ती इथली आहे. तिचा बाजार इथं. मला एकट्याला राहता येत नाही, साब. चहा जमतो आता, पण तो एकट्यानं प्यायचा म्हणजे..."

दाराशी उभा असलेला चपराशी फिसकन हसला. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "देखो, तबादला रद्द करने को दो वजह दिखरे मेरेकू. एक, तुमकू अंग्रेजी नै आती. दूसरी, घरवाली नै आती. फाइल पे एकच लिखतूं. हुकूम बोर्ड पे लगता, सब पढते. बोलो, कौनसी लिखूं?"

आता आली पंचाईत. इंग्रजी येत नाही असं बोर्डावर लागलं, तर गल्लीतला हार, केशवरावांचं भाषण, न्हाणीघरातली तपश्चर्या, सगळं मातीत. आणि दुसरं लागलं तर... हिम्मतरावांनी डोळे मिटले. त्यांनी आपली इंग्रजी वाचवली आणि बायकोला पुढे केलं. हे त्यांच्या हातून झालं ते झालं, आपण त्यावर बोलायला नको.

"दूसरी," ते म्हणाले.

साहेबांनी फाइलवर दोन शब्द लिहिले. त्यांचं मार्जिन डावीकडे होतं.

हुकूम सकाळी अकराला बोर्डावर लागला. बारा वाजेपर्यंत दफ्तरातल्या प्रत्येकाचं तिथं काहीतरी काम निघालं. भगवंतरावांनी तर दोनदा वाचला. कोणी टाळी दिली, कोणी 'वा!' म्हटलं. हिम्मतराव मिसलींमध्ये डोकं खुपसून बसले. त्यांना बोर्डाची भीती नव्हती, घराची होती. संध्याकाळी ते मुद्दाम लांबच्या रस्त्यानं गेले, पण रस्ता कितीही लांबचा घेतला तरी तो घरीच जातो.

पद्मावतीबाई अंगणात लाल मिरच्या पसरून बसल्या होत्या. ट्रंक रिकामी होऊन पुन्हा माळ्यावर गेली होती.

"कळलं तुला?" हिम्मतरावांनी दारातूनच विचारलं.

"बेगम बाजारात कळलं. किराण्याचा सेठ उभा राहिला मला बघून. म्हणाला, बाई, सरकारचा हुकूम तुम्ही फिरवलात. भगवंतरावांची बायको भामा दुपारी येऊन बसली होती. विचारत होती, मावशी, नेमकं काय बोलायचं असतं?" त्यांनी एक मिरची उचलून देठ मोडला. "बरं, मला सांगा. त्या चार पानांत तुम्ही विशेषणं किती घातली होती?"

"चाळीस."

"त्यात माझ्यासाठी किती?"

हिम्मतराव जोड्यांकडे बघत म्हणाले, "एकही नाही."

"आणि साहेबांनी?"

"साहेबांनी एकच लिहिलं. तेवढं तुझंच आहे."

"काय लिहिलं?"

"वाइफ अनविलिंग."

"म्हणजे?"

हिम्मतरावांचा हात सवयीनं फळीवरच्या पुस्तकाकडे गेला आणि थांबला. ते पुस्तक एमपाशी संपत होतं. या शब्दापर्यंत ते पोचणारच नव्हतं. पण अर्थ त्यांनी दुपारीच आबिड्सला जाऊन अप्पारावांना विचारून घेतला होता.

"राजी नसलेली," ते म्हणाले.

"एवढंच ना?" पद्मावतीबाई मिरच्या सारख्या करत म्हणाल्या. "हे तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मराठीत." मग त्या सरकून बसल्या आणि शेजारी जागा करून दिली. "बसा. आज चहा तुम्ही करा. दोघांचा."